तीन आवाज, एक बिल: देवास नाक्याचं हौसिंगचं दुकान

आधी पैसे सांगते, कारण इंदूरमध्ये गॅरेजचं नाव काढलं की पहिला प्रश्न तोच येतो. तपासणीचे ₹८००, काम तिथंच केलं तर ते बिलातून वळते होतात. मागच्या हौसिंगचं (मागच्या दोन चाकांमधला लोखंडी डबा, ज्यात डिफरन्शियलचे गिअर असतात) तेल, त्यात घालायच्या रसायनाची बाटली, उजव्या बाजूचं ॲक्सल बेअरिंग, त्याचं सील, जॉइंटला ग्रीस आणि मजुरी असं सगळं धरून ₹९,५०० च्या थोडं आत. याच गाडीसाठी दुसऱ्या एका गॅरेजनं मला ₹४२,००० चा अंदाज दिला होता, क्राउन-पिनियनचा, म्हणजे शाफ्टचा फेर चाकांकडे वळवणाऱ्या दातांच्या जोडीचा, अख्खा सेट बदलायचा म्हणून. तोही काही न उघडता, गाडी फाटकातून आत येताना नुसती ऐकून. त्यांचा कान एवढा तयार असेल तर त्यांनी गाण्याच्या क्लासला जावं.

दुकान शोधायला त्रास होतो हे खरं. देवास नाक्यावरून लसूड्या मोरीकडे निघालात की ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांची रांग लागते. तिच्या मागच्या गल्लीत, जुने टायर विकणाऱ्याच्या पुढे, पाटी नसलेलं शटर आहे. ‘हौसिंगवाले उस्ताद’ म्हणून विचारायचं, चहावाला हात करून दाखवतो. दुकान दोघं चालवतात. उस्ताद हातानं काम करतात आणि बोलतात मोजकं, तेही हिंदीत. दुसरे एक मराठी काका आहेत, पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रजिस्टर, डायल गेज (बारीक चाल मोजायचं घड्याळ) आणि टॉर्क पाना (फिरवायला किती जोर लागतो ते दाखवणारा) त्यांच्या ताब्यात. इंजिन, एसी, डेंटिंग-पेंटिंग यातलं काही इथं होत नाही. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि हौसिंग, बस्स. समोर उभे असतात ते बहुतेक ट्रक आणि पिकअप, म्हणून कारवाले बिचकतात. बिचकायचं कारण नाही, फक्त चांगले कपडे घालून जाऊ नका.

माझी गाडी डबल कॅब पिकअप, डिझेल, फोर बाय फोर, मागे पाटे, आणि मागच्या हौसिंगमध्ये लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी. डिफरन्शियल म्हणजे दोन्ही चाकांना जोर देऊनही त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. दोष गाडीचा नव्हता, आणि नाव घातलं की लोक तेवढंच वाचतात. राहायला मी लोकमान्य नगरमध्ये, पण खंडवा रोडला सिमरोलच्या अलीकडे माझी रोपवाटिका आहे. शेणखत, कोकोपीट, कुंड्या, पेरू-लिंबाची रोपं, सगळी वाहतूक याच गाडीतून. चोरलकडच्या शेतांत रोपं पोचवायची ती नेमकी पावसाळ्यात, आणि माळव्याची काळी माती पावसात काय करते ते ट्रॅक्टरवाल्यांना विचारा. साध्या डिफरन्शियलच्या गाडीचं एक चाक चिखलात रुतलं की सगळा जोर त्याच चाकाकडे पळतो. ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं दुसरं नुसतं बघत बसतं. एलएसडी हा जोर थोडा अडवून दुसऱ्या चाकाला देतं. म्हणून ही गाडी घेतली, आणि म्हणून तिच्या हौसिंगमध्ये कुणीही हात घातलेला मला चालत नाही.

तक्रार माझ्या तोंडून निघाली ती एका वाक्यात: मागून आवाज येतो आणि गाडी थरथरते. काकांनी ते वाक्य रजिस्टरमध्ये लिहिलंच नाही. पेन हातात धरून विचारत सुटले. “ताई, सरळ जाताना की वळताना? गाडी थंड असताना की तापल्यावर? ॲक्सिलरेटर दाबलेला असताना की पाय काढल्यावर? कितीच्या वेगाला? रिकामी की भरलेली? हौसिंगचं तेल शेवटचं कोणी बदललं, कुठलं घातलं? मागचे दोन टायर एकाच वेळी घेतलेत का?” माझ्याबरोबर भाचा आला होता. बाकीच्या गॅरेजमध्ये अशा वेळी प्रश्न त्याला विचारतात आणि बिल मला देतात. इथं सगळं माझ्याशीच बोलणं झालं, भाच्याला पोहे आणायला पाठवलं.

उत्तरं देता देता माझंच मला कळत गेलं की एका वाक्यात मी तीन गोष्टी कोंबल्या होत्या. पहिली: रोपवाटिकेच्या फाटकाशी हळू वेगात पूर्ण स्टेअरिंग कापून वळताना मागून गुर्र-गुर्र-गुर्र आणि सीटखाली थरथर, तीही घाट चढून आल्यावर जास्त, सकाळी पहिल्या वळणाला जवळजवळ नाही. दुसरी: साठ-सत्तरच्या वेगाला सरळ रस्त्यावर एक सलग हूंऽऽ. तिसरी: क्लच सोडून गाडी ओढायला लागली की एकच ‘टक्’. काकांनी तिन्हींसाठी तीन वेगळ्या ओळी केल्या. मला वाटतं माझे पैसे तिथंच वाचले. मागून येणारे सगळे आवाज एका पोत्यात भरले की ‘डिफरन्शियल गेलं’ हेच उत्तर निघतं.

मग चक्कर. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, मोठमोठ्या कंपन्या तिथं गाड्या पळवून बघतात. उस्तादांचा ट्रॅक म्हणजे बायपास, त्याचा सर्व्हिस रोड आणि एका गोदामाशेजारचं रिकामं मैदान. पण क्रम ठरलेला. मैदानात शिरायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न, “टू में है कि फोर में?” म्हणजे जोर दोनच चाकांना जातोय की चारही. हा प्रश्न फोर बाय फोरवाल्या प्रत्येकानं स्वतःला विचारावा. माझ्यासारख्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. फोरमध्ये असताना कोरड्या डांबरावर आवळून वळलात तर दोन्ही शाफ्ट एकमेकांशी झगडतात आणि गाडी अडखळत उड्या मारते. ते बिघाड नव्हे, पण लक्षण हुबेहूब तसंच वाटतं. माझी टूमध्येच होती.

आधी सरळ रेषेत. पहिल्या गिअरमध्ये हळू क्लच सोडून निघणं, मग तेच रिव्हर्समध्ये. थरथर नाही. म्हणजे इंजिनाचा क्लच, इंजिनाखालचे रबर आणि शाफ्टचं मधलं बेअरिंग यांच्याकडे बोट दाखवायला आधार उरला नाही. त्यांची थरथर सरळ निघतानाही येते. मग बायपासवर दूरवर चक्कर, हौसिंग तापेपर्यंत. परत येऊन मैदानात पूर्ण स्टेअरिंग कापून डावीकडे गोल, उजवीकडे गोल. एकदा पाय अगदी वर ठेवून, एकदा थोडा दाबून. पाय दाबला की गुर्र वाढायचं. उस्तादांनी मान हलवली आणि म्हणाले, “प्लेट बोल रही है.”

का बोलते ते काकांनी समजावलं, आणि ते मी इथं लिहिते, कारण मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला हवीत. एलएसडीत दोन्ही बाजूंच्या साईड गिअरमागे पातळ प्लेटींची चळत असते. एक प्लेट गिअरबरोबर फिरणारी, पुढची बाहेरच्या डब्याबरोबर, अशी एकाआड एक. स्प्रिंग त्यांना दाबून ठेवते, आणि ॲक्सिलरेटर दिला की आतले गिअर एकमेकांना बाजूला रेटतात, त्यानं दाब आणखी वाढतो. म्हणून चिखलात दोन्ही चाकं ओढतात. पण वळणावर याच प्लेटींनी एकमेकींवरून सावकाश घसरलं पाहिजे. सुटायला लागणारा जोर आणि सुटल्यावर घसरत राहायला लागणारा जोर यांत फार फरक पडला की जड कपाट फरशीवरून ढकलताना होतं तसं होतं: आधी हलतच नाही, मग एकदम सरकतं, परत अडतं. सेकंदात अनेकदा असं झालं की ते आपल्याला थरथर म्हणून जाणवतं. हा फरक कमी करण्यासाठी एलएसडीच्या तेलात एक खास रसायन लागतं, फ्रिक्शन मॉडिफायर. साध्या गिअर ऑइलमध्ये ते नसतं.

आणि माझ्या गाडीत काय होतं? मागच्या सर्व्हिसची पावती मी घेऊन गेले होते. एका गॅरेजच्या ‘सगळी तेलं बदलून’ पॅकेजमधली. पावतीवर ८५डब्ल्यू-१४० हा घट्टपणा आणि जीएल-५ हा दर्जा. काका म्हणाले, जीएल-५ बरोबर आहे, हायपॉइड दातांना, म्हणजे क्राउन-पिनियनच्या घासत फिरणाऱ्या तिरक्या दातांना, तेच लागतं, जीएल-४ घातलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. घट्टपणाही ट्रकवाल्यांच्या सवयीचा. पण ‘एलएस’ (लिमिटेड-स्लिप) ही दोन अक्षरं कुठंच नाहीत, आणि मॉडिफायरच्या वेगळ्या बाटलीचा पैसाही लावलेला नाही. थरथर सुरू झाली त्या सर्व्हिसनंतर. तेल स्वस्त नव्हतं, भेसळीचं नव्हतं. चुकीच्या डिफरन्शियलला बरोबर तेल घातलेलं होतं, एवढंच. त्या गॅरेजला मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, सगळ्या गाड्यांना तेच घालतो. तेच तर.

हे कळल्यावर दुसऱ्या कुणी लगेच तेल काढलं असतं. इथं आधी चाक उचललं. पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एक चाक जमिनीवर आणि एक जॅकवर, खाली स्टँड. चाकाच्या बोल्टांवर एक लोखंडी पट्टी बसवून काकांनी टॉर्क पान्यानं ते चाक फिरवायला घेतलं. बघायचं दोन गोष्टींसाठी. चाक सुटायला किती जोर लागतो, आणि सुटल्यावर सारखं फिरतं की झटक्याझटक्यानं. हातानं अलगद फिरलं असतं तर प्लेटी झिजून संपल्या असं धरायचं, मग तेलानं काही होत नाही. माझ्या गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तकातल्या किमान आकड्याच्या वर होता, पण चाक झटके देत होतं. प्लेटी जिवंत, तेल चुकीचं.

इथं एक गोष्ट ठळक सांगते. एलएसडीच्या गाडीचं एकच मागचं चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, कधीच. साध्या डिफरन्शियलमध्ये उचललेलं चाक हवेत फिरत राहतं. एलएसडी जमिनीवरच्या चाकालाही ओढायला लावतं आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाते. आवाज ऐकायला गिअरमध्ये चालवायचीच असेल तर मागची दोन्ही चाकं वर, पक्क्या स्टँडवर. दुकानातल्या पोरानं दुसऱ्या एका पिकअपचं चाक उचलून किल्लीकडे हात नेला तेव्हा शांत उस्तादांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तेल काढताना आधी वरचं भरायचं बूच सोडलं, मग खालचं. हे मला फार आवडलं. वरचं बूच अडकलेलं असेल आणि तुम्ही खालून तेल काढून बसलात तर गाडी तिथंच. तेल काळपट, जरा जळका वास. खालच्या बुचाच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट. उस्तादांनी ती बोटावर घेऊन पांढऱ्या फडक्यावर पुसली, कण चुरचुरतात का ते बघितलं. दाताचा तुकडा नाही, चकाकणारे बारीक तुकडे नाहीत. पेस्ट थोडी असतेच. मग शाफ्टची फ्लँज (टोकाची जोडचकती) हातानं मागे-पुढे हलवून दातांमधली चाल, म्हणजे मोकळी ढिलाई, पाहिली. काका म्हणाले, अशा गाड्यांत क्राउन-पिनियनची चाल साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटरला बसवतात, शिम (पातळ चकत्या) बदलत, डायल गेजवर बघत, आणि दातांना रंग लावून ठसा कुठं पडतो ते तपासत. बसलेल्या जोडीला उगाच हलवलं की नवा सेट घालूनही आवाज घरी घेऊन जाता. ₹४२,००० वाल्या गॅरेजमध्ये डायल गेज मला तरी दिसला नव्हता. स्पीकर मात्र चांगले होते.

टायरचा भाग मला सगळ्यात अनपेक्षित होता. मागचा डावा टायर मी पंक्चरनंतर स्टेपनीचा लावला होता, जवळजवळ नवा. उजवा बराच झिजलेला. माप तेच, २३५/७०, १६ इंची. दिसायला सारखेच. उस्तादांनी दोन्ही टायरांवर आणि खाली जमिनीवर खडूनं खूण केली, गाडी एक फेरा ढकलायला लावली आणि टेप टाकली. एका फेऱ्यात जवळजवळ ३ सेंटीमीटरचा फरक. ऐकायला काहीच नाही. पण या मापाचा टायर एक किलोमीटरमध्ये सव्वाचारशेच्या वर फेरे घेतो, म्हणजे किलोमीटरला १३ मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि तो सगळा प्लेटींनी घसरून भरून काढायचा, सरळ रस्त्यावरसुद्धा, इंदूर ते खंडवा सगळा वेळ. साध्या डिफरन्शियलला याचं फार काही वाटत नाही. एलएसडीच्या प्लेटी मात्र यानं तापतात आणि झिजतात. तेव्हा पंक्चरवाला म्हणाला होता, ‘एक नवा, एक जुना चालतो.’ त्याच्या हिशेबानं चालत असेलही. झिजलेल्या जोडीतला दुसरा टायर पुढे होता. तो मागे आणून जोडी लावली, नवा पुढे. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

नवं तेल एलएस लिहिलेलं, जीएल-५, सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला. गाडी सपाट जागेवर उभी करून, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. मॉडिफायरची बाटली लगेच ओतली नाही. काकांचं म्हणणं, एलएस तेलात मॉडिफायर थोडा असतोच. आधी नुसत्या तेलावर बघू, कमी वाटलं तर घालू. जास्त झालं तर प्लेटी धरतच नाहीत आणि चिखलात एलएसडी असून नसल्यासारखं. मैदानात इंग्रजी आठचे सावकाश फेरे घेतले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्लेटी आलटून-पालटून घसरून नवं तेल आत खेचून घेतील. थरथर बरीच कमी झाली, पण तापल्यावर उजवीकडे थोडी उरली. मग अर्धी बाटली, परत आठ. उरलेली अर्धी बाटली टोपण घट्ट करून माझ्या हातात दिली. लगेच शंभर टक्के जाईल असं वचन कुणी दिलं नाही; चालवा आणि या, म्हणाले.

आता दुसरा आवाज, सलग हूं. हाच त्या दुसऱ्या गॅरेजला क्राउन-पिनियनचा वाटला होता. बायपासवर उस्तादांनी सत्तरला गाडी धरून तीन प्रकारे ऐकलं: पाय दाबून ओढताना, पाय पूर्ण काढून, आणि ना ओढ ना रोध असा पाय तरंगता ठेवून. दातांचा आवाज असेल तर या तिन्हींत तो बदलतो. ओढताना किंवा सोडल्यावर चढतो, मधे दबतो. माझा आवाज तिन्हींत एकच. मग मोकळा रस्ता बघून स्टेअरिंगला डावीकडे-उजवीकडे हलके झोले. डावीकडे झोला घेतला, वजन उजव्या चाकावर गेलं, आवाज वाढला. उजवीकडे घेतला, कमी झाला. टायरचा असता तर रस्त्याचा पोत बदलल्यावर बदलला असता. सिमेंटवरून डांबरावर आलो तरी तसाच. पिनियन बेअरिंगचा असता तर तो शाफ्टच्या गतीनं, म्हणजे चाकाच्या साधारण चौपट गतीनं फिरतो आणि आवाज बारीक लागतो. हा जाड. उजव्या चाकाचं बेअरिंग, बाहेरून. हौसिंग उघडायचा प्रश्नच नव्हता.

ॲक्सल बाहेर काढल्यावर सीलही गळतंय हे दिसलं, आणि सील का गळलं तेही: हौसिंगवरचा ब्रेदर, म्हणजे हवा जायची वाट, काळ्या चिखलानं बुजला होता. हौसिंग तापलं की आतली हवा फुगते. तिला वर वाट नसेल तर ती तेलाला सीलमधून ढकलते. चोरलची माती, दुसरं कोण. बेअरिंग प्रेसवर दाबून बसवलं, ब्रेदर हवेनं साफ करून वर रबरी नळी लावून दिली. तेल अजून ब्रेक शूपर्यंत पोचलं नव्हतं, हे नशीब.

तिसऱ्या ‘टक्’बद्दल लिहिण्यासारखं फार नाही. शाफ्टच्या जोडातल्या क्रॉसमध्ये ढिलाई नव्हती, शाफ्टचा सरकता भाग कोरडा पडला होता. ग्रीस मारलं, गेला.

आता जे पटलं नाही ते. वेळ. सकाळी गाडी लावली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली, आणि मधे दोनदा फोन केला तर कुणी उचलला नाही. बसायला जागा म्हणजे ट्रकची काढलेली सीट, उन्हात. बाईमाणसासाठी सोयीची खोली शोधू नका. मी पुढच्या पेट्रोल पंपावर गेले. बिल आधी वहीच्या कागदावर आलं, जीएसटीचं मागितल्यावर दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर. तपासणीचे ₹८०० आधी द्यायला लागतात, यावर माझ्यासमोर एक गिऱ्हाईक भांडून निघून गेलं. मला ते पैसे योग्य वाटले. फुकट तपासणीचं बिल नंतर कुठल्या तरी पार्टमध्ये लपवून येतंच. उस्ताद स्वतःहून काही समजावत नाहीत. काका नसतील त्या दिवशी तुम्हाला ‘हो जाएगा’ एवढंच ऐकायला मिळेल. शुक्रवारी दुपारी दुकान बंद. आणि एलएसडीच्या प्लेटी इथं ठेवलेल्या नसतात. लागल्याच तर दिल्लीच्या कश्मीरी गेटहून मागवतात, त्याला वेळ लागतो आणि आगाऊ रक्कम द्यावी लागते.

काढलेलं बेअरिंग आणि सील पिशवीत घालून परत दिलं, न मागता. काढलेल्या तेलाचा नमुना एका बाटलीत, वर तारीख. चहा दोनदा. काकांना गप्पांची हौस आहे. अशी अडवणारी डिफरन्शियलं १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसगाड्यांमुळे पुढे आली, पोर्शे यांनी झेडएफकडून ते काम करून घेतलं, हे त्यांनीच सांगितलं, आणि वर “ताई, तुमचं शेणखत रेसच्या तंत्रानं जातंय” असंही ऐकवलं. उस्ताद तेव्हा गाडीखाली होते, हसल्याचा आवाज आला.

कुणी जावं? ज्यांच्या पिकअपला, जीपला, छोट्या ट्रकला मागून आवाज आहे आणि ज्यांना आधी ‘अख्खा सेट’ सांगितला गेलाय त्यांनी. जाताना जुन्या तेलाची पावती न्या, गाडी पूर्ण तापवून न्या, आणि आवाज कधी येतो ते घरूनच लिहून न्या. ज्यांना एसीत बसून, ॲपवर काम पुढे सरकताना बघायचंय त्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावं. तिथं कॉफीही चांगली मिळते.

गाडीचं म्हणाल तर हूं आणि टक् दोन्ही गेले. वळणावरची थरथर रोजच्या वापरात उरलेली नाही. भरलेली गाडी घेऊन भेरूघाट चढून आलं आणि लगेच आवळून उजवीकडे वळलं तर एखादा गुर्र अजून येतो. काका म्हणतात, प्लेटींमध्ये मुरलेलं जुनं तेल एका बदलीत पूर्ण निघत नाही. पावसाळ्याआधी आणखी एकदा तेल बदलू, उरलेली अर्धी बाटली तेव्हा घालू, आणि टॉर्क पाना परत लावू. आकडा आजच्यापेक्षा खाली आला असेल तर दिल्लीला प्लेटींची ऑर्डर द्यायची, नसेल तर नाही. त्या सेटचा भाव मी आधीच विचारून ठेवलाय: मजुरी सोडून ₹१४,०००.